ऑटोकटच्या पुढे

नौपाड्यातल्या गुरुदत्त कर्णिकांना कोणी तब्येत विचारली, की ते गाडीचं अ‍ॅव्हरेज सांगायचे. "एकोणीस," म्हणायचे आणि समोरच्याला कौतुकासाठी जरा वेळ द्यायचे. कौतुक झालं नाही, तर तो माणूस अकलेने बेताचा आहे असं ठरवून पुढे चालू लागायचे. गाडी चौदा वर्षांची, कर्णिक एकाहत्तरचे, आणि दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे.

एकोणीस काही उगाच पडत नाही. त्यासाठी घाम गाळावा लागतो, आणि तो त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई गाळत, कारण एसीच्या बटणावर कर्णिकांनी चिकटपट्टी मारून ठेवली होती. डिकीत स्टेपनीशिवाय काही ठेवायचं नाही, असाही नियम होता. गेल्या वर्षी खडवलीच्या मेहुणीने झाडाचा पहिला फणस काढून दिला. कर्णिकांनी तो दोन्ही हातांत तोलला, बारा किलो आहे म्हणाले, आणि ओट्यावरच ठेवून गाडी सुरू केली. घरी पोहोचेपर्यंत मंदाकिनीबाई एक शब्द बोलल्या नाहीत. बत्तीस वर्षं शाळेत सायन्स शिकवलेल्या बाई त्या. त्या गप्प बसल्या की वर्गाला जी धडकी भरे, तीच कर्णिकांना भरली. पण फणस काही परत आणला नाही.

पेट्रोल पहाटे भरायचं, कारण गारव्यात ते घट्ट असतं आणि तेवढ्याच लिटरला जास्त येतं, हे कर्णिकांचं ठाम मत. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिला पहाट आणि दुपार सारखीच, असं बाईंनी कितीदा सांगितलं असेल. शिवाय लांबच्या फेरीआधी भरायचं ते काठोकाठ. टाकी भरली की पंपाची नळी टक्कन आवाज करून आपोआप बंद होते, त्याला ऑटोकट म्हणतात. कर्णिकांच्या लेखी ती पंपवाल्यांची लबाडी. कट पडला की यांचं खरं भरणं सुरू व्हायचं. गाडीला मागून खांदा लावून तिला गदागदा हलवायचे, आत अडकलेली हवा बाहेर काढायचे आणि तोंडाशी पेट्रोल चमकेपर्यंत थांबायचे नाहीत. माजिवड्याच्या पंपावरची शेवंती त्यांना लांबून बघितलं तरी कपाळाला हात लावायची.

असं सगळं बरं चाललेलं असताना, फेब्रुवारीपासून अ‍ॅव्हरेज पडलं. एकोणीसचं अठरा झालं, मग सतरा, एप्रिलअखेर सोळा. कर्णिकांची भूकच मेली. त्यांनी प्लग बदलले, फिल्टर बदलला, मेकॅनिकशी भांडले, मग मेकॅनिक बदलला. पेट्रोलमध्ये भेसळ असेल म्हणून पंप बदलून पाहिला आणि तिथेही सोळाच पडल्यावर मुकाट्याने माजिवड्याला परतले. इंजिन तर कधी कधी उगाचच गरम असायचं. दुपारची झोप काढून चार वाजता खाली आलं, की सोसायटीचं मांजर बॉनेटवर पसरलेलं असायचं. फाटकाजवळ टेबल टाकून कोळशाच्या इस्त्रीने कपडे करणाऱ्या दगडूला त्यांनी त्याबद्दल विचारलं, तर तो सदऱ्याची कॉलर दाबत म्हणाला, ऊन लय आहे ना साहेब.

आणि अशा पडत्या काळात एका रविवारी सकाळी मंदाकिनीबाईंनी आंबोळीच्या ताटाशेजारी एक कार्ड ठेवलं. त्यावर त्यांचा फोटो होता. सदुसष्टाव्या वर्षी काढलेलं, कोरं करकरीत ड्रायव्हिंग लायसन्स.

कल्याणहून आलेली त्यांची लेक वल्लरी टाळ्या वाजवत होती, म्हणजे हा कट तिचाही होता. ड्रायव्हिंग स्कूलची फी तिनेच भरलेली. बाईंचं म्हणणं सरळ होतं. बहीण खडवलीला एकटी असते, तिच्याकडे दर आठवड्याला जायचं आहे, आणि ते यांच्या मर्जीने नाही, आपल्या आपण. गाडीची किल्ली आता खुंटीवर राहील, ज्याला काम असेल तो घेईल.

कर्णिकांनी हातातली आंबोळी परत ताटात ठेवली. निवृत्त झाल्यावर ऑफिस गेलं, चष्म्याचा नंबर वाढल्यावर बॅडमिंटन गेलं, बँकेची कामं मुलीने मोबाइलवर नेली. राहिलं होतं ते एक स्टिअरिंग. ते गेलं तर आपण या घरात नुसते बसवून नेण्याजोगे उरू, ही भीती त्यांना खरोखरच वाटली. पण भीती वाटते असं सांगण्याची त्यांना सवय नव्हती, म्हणून ते म्हणाले, "तुझा पाय गाडीवर पडला की अ‍ॅव्हरेज मेलंच म्हणून समज."

"मग मोजू या," वल्लरी म्हणाली.

तिनेच नियम केले. माजिवड्याला टाकी फुल करायची, खडवलीला जाऊन यायचं, त्याच पंपावर पुन्हा फुल करायची. येऊन-जाऊन ऐंशी किलोमीटर. शनिवारी आई चालवेल, रविवारी बाबा. जितकं पेट्रोल मावेल तितकं लागलं, असा साधा हिशोब. ज्याचं अ‍ॅव्हरेज जास्त, किल्ली त्याची, आणि दुसऱ्याने कुरकुर करायची नाही.

कर्णिक हो म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले, की कोणाला तरी शंका यायला हवी होती.

शनिवारी सकाळी पंपावर शेवंतीने नळी लावली आणि नेहमीसारखं म्हणाली, "काका, झीरो बघा." कर्णिकांनी मीटरवरचा शून्य बघितला. टक्कन कट पडला. शेवंतीने पुढच्या भानगडीसाठी मनाची तयारी केली, तर कर्णिक म्हणाले की बस, कट म्हणजे फुल, कंपनीने काही विचार करूनच ठेवलाय तो. शेवंती त्यांच्याकडे बघतच राहिली. मंदाकिनीबाईंनी फक्त चष्मा पुसला.

बाईंनी गाडी छान नेली. कुठे घाई नाही, कुठे करकचून ब्रेक नाही. समोरचा सिग्नल लाल दिसला की लांबूनच पाय काढून घेत. शेजारी बसलेल्या कर्णिकांना चूक काढायला जागा सापडेना, आणि त्याचा त्यांना फार त्रास झाला. कल्याणला वल्लरीने हात केला, खडवलीला मेहुणीने कैरीचं पन्हं दिलं, आणि अकराच्या सुमाराला गाडी परत माजिवड्याला लागली.

कट पडला तेव्हा मीटरवर बरोबर चार लिटर होते. म्हणजे अ‍ॅव्हरेज वीस.

कर्णिक दार उघडून खाली उतरले. एवढ्यात टाकी फुल कशी होईल, आत हवा आहे, असं म्हणत त्यांनी गाडीला खांदा लावला. शेवंती नको म्हणाली. कट पडल्यावर भरायचं नसतं, वर थोडी जागा मोकळी ठेवावी लागते, असं तिने सांगून पाहिलं. कर्णिकांनी तत्त्वाचा प्रश्न केला, मागच्या रिक्षावाल्यांनी हॉर्नचा सपाटा लावला, आणि शेवटी शेवंतीने नळी पुन्हा दाबली. तोंडाशी पेट्रोल चमकलं तेव्हा मीटर सहा दाखवत होता. ऐंशी भागिले सहा, तेरा पूर्णांक तीन. कर्णिकांनी पुरावा म्हणून मीटरचा फोटो काढायला मोबाइल उघडला, तेव्हा मात्र पंपावर मोबाइल चालत नाही म्हणत शेवंतीने तो त्यांच्या हातातून काढून खिडकीतून बाईंकडे दिला.

या लबाडीचा दुसरा भाग तर आणखी झकास होता. बाईंच्या नावावर चढलेले दोन जादा लिटर आता टाकीतच होते. उद्या कर्णिक ते वापरणार, आणि परत आल्यावर कट पडला की सभ्य माणसासारखे थांबणार. घरी जाताना ते मनातल्या मनात शीळ घालत होते. मंदाकिनीबाईंनी पावतीची घडी करून पर्समध्ये ठेवली.

गाडी फाटकाशेजारी उन्हात लागली. एरवी काठोकाठ भरल्यावर कर्णिक लगेच लांब जायचे, त्यामुळे वरचं पेट्रोल वाटेतच जळायचं. आज मात्र गाडी उभी होती, आणि मे महिन्याचं ऊन आपलं काम करत होतं. दीडच्या सुमाराला दगडूने खालून हाक मारली, ती नेहमीची नव्हती.

मंदाकिनीबाई अनवाणीच धावल्या. मागून बनियनवर कर्णिक. गाडीखालून एक ओली रेघ निघून उताराने दगडूच्या टेबलाकडे चालली होती, आणि टेबलाखाली निखाऱ्यांचं घमेलं. मधे दोन हातांचं अंतर उरलेलं. दगडू इस्त्री हातात धरून जागच्या जागी थिजला होता. बाईंनी त्याला दंडाला धरून इस्त्रीसकट फाटकाबाहेर नेलं, परत येऊन दोन फडक्यांनी घमेलं उचललं, तेही बाहेर ठेवलं, मग जिन्याखालची आगीची लाल बादली आणून त्या रेघेवर वाळू टाकली. सांडलेलं पेट्रोल पेलाभरच असेल. कर्णिक रिकामी बादली हातात घेऊन उभे होते.

"ऊन फार आहे," ते म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या. "पेट्रोल तापलं की प्रसरण पावतं. आठवीच्या पुस्तकात आहे."

त्या आणखी काही बोलल्या असत्या तर कर्णिकांना बरं वाटलं असतं.

रविवारी पहाटे ते निघाले, पण शीळ काही सुचली नाही. आदल्या रात्रीच कल्याणहून आलेली वल्लरी मागे बसली होती, बाई शेजारी. जिंकलो तरी नीट जिंकावं, म्हणून कर्णिकांनी आपलं सगळं कसब पणाला लावलं. सिग्नलला इंजिन बंद करायचे आणि सुरू करताना घाईत दोनदा रेस करायचे. उतार दिसला की न्यूट्रल करायचे, मग गाडी पळायला लागली की घाबरून ब्रेक. भिवंडी बायपासला एका पोराने त्यांना बाबागाडी म्हणून हिणवत ओव्हरटेक केलं, तेव्हा कर्णिकांचा तोल गेला, आणि चौदा वर्षांच्या त्या गाडीने खिडक्या सताड उघड्या ठेवून तीन किलोमीटर त्याचा पाठलाग केला. मंदाकिनीबाईंनी सीटबेल्ट घट्ट केला आणि बाहेर बघत राहिल्या.

माजिवड्याला शेवंतीने नळी लावली. "झीरो बघा काका."

कट पडला. अडीच लिटर.

वल्लरीने मनातल्या मनात भागाकार केला, मग पुन्हा केला. "बाबा, बत्तीस येतंय."

बत्तीस. कंपनीने जाहिरातीतसुद्धा एवढं लिहिलं नव्हतं. शेवंतीने तोंडाला पदर लावला. लबाडी अपेक्षेपेक्षा फारच चांगली साधली होती, आणि आता ती लपवायला जागा उरली नव्हती. कर्णिकांनी बायकोकडे पाहिलं. बाईंनी काही न बोलता गाडीला लावलेली किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली. हाताच्या दोन बोटांवर कालच्या घमेल्याचा लाल चट्टा होता.

कर्णिकांना तो चट्टा बघवेना. चाळीस वर्षांत त्यांनी या बाईला बरंच गप्प बसवलं होतं, आणि आज ती आपणहून गप्प होती, ते जास्त लागलं.

"वल्लरी," ते म्हणाले, "कालचे दोन लिटर आईचे नाहीत. माझे आहेत. माझ्यात धर."

म्हणजे साडेचार. ऐंशी भागिले साडेचार, सतरा पूर्णांक आठ. आईचं वीस.

बाईंनी पर्समधून कालची पावती काढली. मागे पेन्सिलने लिहिलं होतं, कटला ४.०, नंतर यांचे २.०. "टक्कन झालेला आवाज मलाही ऐकू आला होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही स्वतःहून कधी सांगता, ते बघत होते."

"मग तेराच्या वेळीच का नाही बोललीस?"

आता मंदाकिनीबाई अडखळल्या. शाळेत असताना त्यांना असं अडखळताना कोणीच पाहिलं नसेल. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, "मी कुठल्या तोंडाने बोलणार. फेब्रुवारीपासून तुम्ही दुपारी घोरायला लागलात की मी कंपाउंडमध्ये गाडी पुढे-मागे, पुढे-मागे करायचे. क्लच जमत नव्हता. दगडू मागून या, या करायचा. किलोमीटर तेवढेच राहायचे, पेट्रोल मात्र जायचं."

कर्णिकांच्या डोळ्यांसमोरून प्लग गेले, फिल्टर गेला, दोन मेकॅनिक गेले, आणि शेवटी बॉनेटवर पसरलेलं ते मांजर आलं.

"म्हणजे माझी गाडी एकोणीसच देतेय?"

"एकोणीसच," बाई म्हणाल्या. "माझ्या पायाने वीस."

मागची रिक्षा हॉर्न देत होती, पण कर्णिक हसत सुटले होते, आणि वल्लरीला वडिलांना असं हसताना बघून नेमकं काय करावं कळेना. हसता हसता ते डावीकडे जाऊन बसले. त्या सीटवरून रस्ता जरा वेगळा दिसत होता, आणि त्यांना ते आवडलं नाही, पण त्यांनी कुरकुर केली नाही, कारण नियम होता.

बाईंनी आरसा जुळवला, बटणावरची चिकटपट्टी नखाने सोलली आणि एसी लावला. पुढच्या शनिवारी ती दोघं खडवलीहून परतली, तेव्हा डिकीत दोन फणस होते. पंपावर कट पडल्यावर कर्णिकांनी सवयीने तोंड उघडलं. शेवंती त्यांच्याकडे बघत थांबली.

"बस," ते म्हणाले, आणि झाकण स्वतः उतरून घट्ट लावलं.