लॅपटॉपला टिचकी

संगप्पांनी लॅपटॉप मिटला, डाव्या तळहातावर तोलून धरला आणि उजव्या हाताचं मधलं बोट अंगठ्याआड दाबून त्याच्या पाठीवर टिचकी मारली. मग मान कलती केली, डोळे अर्धवट मिटले आणि ते थांबले.

"काका, हळू!" काउंटरमागचा रविकिरण पुढं झाला. "घागर न्हाई ती. आत स्क्रीन हाय."

"स्क्रीन हाय म्हणूनच बघून राहिलो. वरचा पत्रा बरा नसला तर आतल्या मालाला कोण सांभाळणार?"

"पत्रा न्हाई काका, मेटल फिनिश म्हणतात त्याला."

"मेटल असतं तर हाताला गार लागलं असतं. प्लॅस्टिक हाय हे. वरून चांदीचा रंग दिलाय."

शेजारी उभ्या असलेल्या अक्षरानं ओढणीचं टोक तोंडाशी नेऊन हसू दाबलं.

अक्षरा संगप्पांची नात. येत्या सोमवारी ती इंजिनिअरिंगला नांदेडला निघणार होती. अभ्यासाला आणि कधीमधी खेळायला लॅपटॉप हवा, तोही बापानं ठरवून दिलेल्या बजेटात बसणारा. बाप, म्हणजे संगप्पांचा मुलगा राजशेखर, म्हणाला होता, "आप्पांना कशाला नेतीस? त्यांना काय कळतंय त्यातलं?" त्यावर पोरगी म्हणाली, "आतलं मी बघते. पत्रा आज्जांना कळतो."

ही गोष्ट खरीच होती. लातूरच्या गंजगोलाईत संगप्पांचं तांब्यापितळेचं दुकान. पन्नास वर्षं ते त्या गादीवर बसलेले. कुणी हंडा आणो, कुणी तांब्या, ते एक टिचकी मारायचे आणि एकच शब्द बोलायचे. 'खणखणीत' म्हणाले की माल उचलावा. 'बद्द' म्हणाले की कुठंतरी चीर असणारच, डोळ्याला दिसो न दिसो. शेजारपाजारचे दुकानदारसुद्धा आपला माल त्यांच्या कानाखालून घालून न्यायचे.

तो कान आता राहिला नव्हता.

वर्ष दीड वर्ष झालं असेल. आधी देवळातली घंटा लांब गेली, मग चिमण्या गेल्या. मग एक दिवस घागर वाजवली तर ती कापसात गुंडाळल्यासारखी वाजली. समोरचा माणूस बोलला की ओठांवरून उमजायचं, मागून कुणी हाक मारली की काहीच नाही. त्यांना याचं वाईट वाटायचं, पण दुपारी गादीवर बसलं की एक नवलही वाटायचं. समोरून अख्खी गंजगोलाई वाहायची, रिक्षा, हातगाड्या, भांडणारी माणसं, सगळी अगदी अलगद, पाण्याखालून चालल्यासारखी. त्या शांततेत त्यांना कधीकधी फार बरं वाटायचं आणि मग बरं वाटल्याबद्दल धास्ती वाटायची.

धास्ती होती ती गादीची. लग्नसराईत त्यांनी एक घागर खणखणीत म्हणून दिली आणि दोन दिवसांत ती बुडातून गळत परत आली. माळ्यावरची दुसरी काढून दिली, गिऱ्हाईकाला चहा पाजला आणि राजशेखरला ताकास तूर लागू दिली नाही. राजशेखर तसाही 'आप्पा, आता घरी आराम करा' म्हणायला निमित्तच शोधत होता. कान गेला हे कळलं असतं तर गादी गेली असती, आणि गादीवरून उठलेला संगप्पा म्हणजे नेमका कोण, हे खुद्द संगप्पांनाच ठाऊक नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. ते मान कलती करून ऐकल्यासारखं करायचे आणि खरं काम करायचा तो डावा तळहात. रोज सकाळी पूजेत इष्टलिंग तळहातावर धरून निश्चल राहायची साठ वर्षांची सवय त्या हाताला. वरून टिचकी मारली की भांड्याच्या अंगातून जो शहारा खाली उतरतो, तो आता हा हात टिपायला शिकला होता. पुरता नाही, पण शिकत होता.

"दुसरा दाखवा," ते म्हणाले.

दुसऱ्याचं झाकण त्यांनी एका बोटानं उचललं. झाकणाबरोबर खालचा भागही टेबल सोडून वर आला.

"बूड उठतंय. डाळीचा डबा असा निघाला तर गिऱ्हाईक तोंडावर फेकून जातं."

तिसरा साधा, काळा, दिसायला अगदीच गरीब. झाकण मऊ उघडलं, जिथं सोडलं तिथं थांबलं. बटणांच्या मधोमध अंगठा दाबला तरी खड्डा पडला नाही. दोन कोपरे धरून त्यांनी तो हलकेच पिळून पाहिला, कुरकुर हाताला लागली नाही. फक्त टिचकी मारताना डावीकडं काहीतरी किंचित सैल भासलं, पण एवढ्याशा भासावर बोलायचा धीर आता त्यांच्यात उरला नव्हता.

"बरा वाटतोय," ते म्हणाले.

"गेम लावून देतो," रविकिरण म्हणाला. "धा मिनिटं चालवा. गरम होतोय का बघा, अडकतोय का बघा." खेळ सुरू करून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

पडद्यावर एक नदी उघडली.

संगप्पांना वाटलं होतं, गोळ्याबिळ्या झाडायचा खेळ असेल. इथं एक होडी होती, दोन्ही काठांना लव्हाळं होतं आणि उन्हं कलत चाललेली. अक्षरा बटणं दाबत होती तशी वल्ही पाण्यात बुडत होती, वर येत होती, त्यांच्यावरून थेंब ओघळत होते. बगळे उडाले. लांब एका टेकडीवर देऊळ दिसलं. संगप्पा स्टुलावर बसले आणि त्यांनी तळहात लॅपटॉपच्या बुडाला लावून ठेवला. हाताला बारीक ऊब आली. लहानपणी मांजरा नदीच्या काठी मामाच्या गावी ते घागर बुडवायचे तेव्हा तिच्यात पाणी शिरताना असाच बुडबुड आवाज यायचा. किती दिवसांनी तो ऐकू येत होता. वल्ह्याचा चुबुक, पाण्याचा चुळचुळाट, आणि त्या देवळातली घंटासुद्धा, ती त्यांची हरवलेली घंटा, एक एक टोल मोजून घ्यावा इतकी स्वच्छ.

"आज्जा," अक्षरा त्यांच्याकडं तोंड करून म्हणाली, "आवाज कसा हाय ओ ह्याचा?"

"गोड हाय," ते मनापासून म्हणाले. "लई गोड. पाण्याचाबी येऊन राहिला, घंटेचाबी."

अक्षराचं बोट बटणावर थांबलं. होडी नुसतीच वाहू लागली.

तिची नजर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात गेली, म्हणून त्यांचीही गेली. तिथं एक इवलासा भोंगा होता आणि त्याच्यावर फुली होती. ती खूण त्यांना चांगली माहीत होती. मोबाइलमध्ये तिनंच त्यांना दाखवली होती. आवाज बंद असला की ती येते. दुकानातल्या सगळ्याच लॅपटॉपांचे आवाज रविकिरणनं बंद ठेवले होते.

नदी वाहत राहिली. तिच्यात आता कसलाच आवाज नव्हता.

संगप्पांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. वर्ष दीड वर्षाची झाकली मूठ एका खेळातल्या होडीनं उघडली होती, तीही पोरीसमोर. आता ही घरी जाऊन सांगणार. किंवा आत्ताच हसेल, आवाज सुरू करेल, नाहीतर कळवळून 'आज्जा!' म्हणेल. ते तिच्याकडं न बघता बगळे बघत बसले.

अक्षरा हसली नाही. भोंग्याला तिनं हातही लावला नाही. तिनं खेळ थांबवला, कसलीशी यादी उघडली, त्यात दोन ठिकाणी टिचकन दाबलं आणि होडी पुन्हा सोडली. काठावर एक म्हातारी उभी होती. तिचे ओठ हलले आणि तिच्या पायाशी, पाण्यावर, पांढरी अक्षरं उमटली: 'अंधेरा होने से पहले उस पार छोड़ दोगे?'

अक्षरा स्टुलाला वळसा घालून त्यांच्या पुढ्यात आली.

"मला असंच आवडतं," ती म्हणाली. "बोललेलं लिहून आलं की बरं पडतं."

ती पुढ्यात आली, आणि संगप्पांना एकाएकी कितीतरी गोष्टी आठवल्या. राजशेखर गल्ल्यावरून ओरडायचा, सून स्वयंपाकघरातून हाका मारायची. ही पोरगी मात्र वर्षभर चार खोल्या ओलांडून, कधी कणकेच्या हातानं, त्यांच्या समोर येऊन उभी राहायची आणि मगच बोलायची. ते समजत होते, पोरीला वळण चांगलं आहे. वर्षभर. आणि कुणाला एका शब्दानं बोलली नाही. त्यांना लाज वाटली. लाजेच्या मागोमाग इतकं हलकं वाटलं, जणू डोक्यावरचा भरला हंडा कुणीतरी दोन्ही हातांनी उतरवून घेतला.

"घे की म्हातारीला नावेत," ते म्हणाले. "किती वेळ उभी ठेवतीस."

अक्षरानं म्हातारीला नावेत घेतलं. लिहून आलेलं वाचत वाचत दोघांनी तिला पैलतीरी सोडलं.

मग अक्षरानं त्यांच्या कोपराला हात लावला. मागं रविकिरण उभा होता. त्यानं काहीतरी विचारलेलं दिसत होतं आणि तो उत्तराची वाट बघत होता.

"समोर येऊन बोला, बाबा," संगप्पा म्हणाले. "मागून कळत न्हाई मला."

रविकिरण समोर आला. "हाच पॅक करू का म्हणलं?"

"थांबा जरा."

त्यांनी लॅपटॉप मिटला. अक्षराचा डावा हात ओढून घेतला, पालथ्याचा उताणा केला, त्यावर लॅपटॉप ठेवला आणि खालून आपला तळहात तिच्या तळहाताला लावला. उजव्या हातानं टिचकी मारली. एक मधोमध, एक उजवीकडं, एक डावीकडं. या खेपेला त्यांनी मान कलती केली नाही. ते सरळ नातीच्या तोंडाकडं बघत होते.

"कसा वाजला?" त्यांनी विचारलं.

गंजगोलाईत पन्नास वर्षांत हा प्रश्न लोकांनी त्यांना विचारला होता. त्यांनी कुणाला विचारला नव्हता.

अक्षरानं स्वतःच डावीकडं आणखी एक टिचकी मारली, कान जवळ नेला, आणि मान वर करून सावकाश म्हणाली, "बाकी चांगला हाय, आज्जा. डावीकडं बद्द वाजतोय."

"हाव," संगप्पा म्हणाले. "मलाबी हाताला तिथंच लागला."

रविकिरणनं लॅपटॉप उलटा करून बघितला. डाव्या कोपऱ्यातला स्क्रू अर्धा वर आला होता.

"ह्यातलाच दुसरा आणा," संगप्पा म्हणाले. "दोघं मिळून बघतो."

दुसरा आला. रविकिरणनं सवयीनं तो म्हाताऱ्यापुढं ठेवला. संगप्पांनी तो उचलला, वजन घेतलं आणि आधी अक्षराच्या हातात दिला.