बोहनी होईपर्यंत

महादेवरावांनी दुकानाचं शटर वर केलं, उदबत्ती ओवाळली आणि ते गल्ल्यावर बसले. मधलं दार त्यांनी नुसतं ओढून घेतलं. कडी लावायची गरज कधी पडली नव्हती. दारामागच्या खोलीत त्यांची सून आकांक्षा बटाटे सोलत होती. बोहनी होईपर्यंत, म्हणजे पहिलं गिऱ्हाईक पैसे देईपर्यंत, विधवेनं पुढे यायचं नाही, हा तिचा नवरा रजत गेल्यापासूनचा नियम होता. मागून बाहेर पडायला वाट नव्हती. मुलीची शाळा, डोक्यावरचं छप्पर, सगळं सासऱ्यांच्या हाती. म्हणून तीही निमूट बसे.

तर्रीच्या मसाल्यात परतलेल्या बटाट्याचं 'खमंग सँडविच' तिनं आणि रजतनं मिळून वर्ध्यात सुरू केलं होतं. पुढे सेलू, पुलगाव, पिपरी मेघे, सगळीकडे पिवळ्या पाट्या लागल्या. तेव्हा शटर उघडताच बोहनी व्हायची. मग मोठ्या कंपन्यांची चकचकीत दुकानं आली, लोक मोबाइलवर मागवू लागले आणि शाखा एकेक करून मिटल्या. उरलं हे एकच दुकान. गिऱ्हाईक जसं उशिरा येऊ लागलं, तशी आकांक्षाची कोंडीही लांबत गेली.

आज तिचा फोन वाजला. तिनं दारामागून हाक दिली.

"मामाजी, गार्गी शाळेत चक्कर येऊन पडली. मले जाऊ द्या."

"बोहनी होऊ दे ना बाई. येऊनच राह्यलं असन कोणी."

"काल दुपार झाली तरी कोणी नाई आलं."

"म्हनूनच म्हनतो. त्यात तू समोर आली, मंग तं संपलंच!"

"मी तं मागंच होती. मंग सेलूचं काऊन बंद पडलं? पुलगावचं?"

महादेवरावांनी उदबत्तीची राख बोटानं झटकली.

"सासूबाई गेल्या, तवापासून तुमीबी एकटेच. तुमच्या हातची बोहनी चालते, अन् मी दिसली का विटाळ?"

तेवढ्यात एक तरुण पायरी चढला. महादेवरावांचा जीव भांड्यात पडला. "आलं पाय गिऱ्हाईक! एक मिनिट थांब, पैसे देऊ दे त्याले."

एक मिनिट थांबली असती, तर कोणाचंच मन दुखलं नसतं. आकांक्षानं दार उघडलं. ती गल्ल्यासमोरून, त्या तरुणाच्या बाजूनं, सरळ रस्त्यावर गेली.

मागची खोली आता उघडी पडली होती. एक बल्ब, एक स्टूल, खिडकी नाही. तरुण खिशातला हात तसाच ठेवून आत बघत राहिला.

"काकाजी," तो म्हणाला, "इथं कोनाले बसवता हो तुमी?"