चंदूच्या पाठीवर बाबुराव

मित्रांनो, मी एक जुना, बीपी मोजायचा काटा आहे. दंडाला गुंडाळायचा पट्टा, रबरी फुगा आणि सुईची तबकडी, एवढाच माझा संसार. गोडादरा नावाच्या लूमवाल्यांच्या वस्तीत माझ्यावर पैज लागली, ती ऐका.

चंदू आणि बाबुराव शेजारी, दोघंही लूमवर कापड विणायला. तिथं कापड मोजणाऱ्या मीटरवर ज्याचा आकडा मोठा, तो कारीगर भारी. बाबुरावांनी तोच हिशोब मला लावला.

"चंद्या, माझं प्रेशर तुझ्यापेक्षा जास्तच निघणार. हरेल त्यानं दुसऱ्याला पाठीवर घेऊन चौकापर्यंत न्यायचं."

"चौक कशाला, म्हणशील तिथं नेतो," चंदू म्हणाला.

मी मूळचा दवाखान्यातला. अंजनाबाई तिथं नर्स. आम्ही जोडीनं वीस वर्षं दंड आवळले. भले भले मिशीवाले माझ्या पट्ट्यात आले की गप्प बसायचे, मला लई मजा यायची. डॉक्टर म्हणायचे, "हा खोटं बोलत नाही." मग बटणवाली मशीनं आली. अंजनाबाई रिटायर होताना मला याच गल्लीतल्या आपल्या घरी घेऊन आल्या, तेव्हापासून मी कपाटावर कुरडयांच्या डब्याशेजारी धूळ खात होतो. पैजेमुळे खाली उतरलो.

चंदूचा आकडा आला एकशे अठ्ठावीस. बाबुरावांचा एकशे नव्वद. अंजनाबाईंनी पाच मिनिटं थांबून परत मोजलं. तेवढाच.

"बघ, बासष्टनं हरवलं," बाबुरावांनी कॉलर ताठ केली.

अंजनाबाई हसल्या नाहीत. "डोकं दुखतं का हो?"

"रोज," त्यांची बायको तारा दारातून बोलली. "पोरांवर खेकसतात. जिना चढताना दोनदा बसतात. गोळ्या चालू होत्या, बरं वाटलं म्हणून सोडल्या."

"लूमची गरमी आहे ती."

"बाबुराव, हा लूमचा मीटर नाही. इथं आकडा मोठा म्हणजे धागा तुटायला आला," अंजनाबाई म्हणाल्या.

कॉलर खाली आली. ताराच्या डोळ्यांत पाणी. तरी गडी म्हणतो, "मी दवाखान्यात जाणार नाही."

"जिंकलास ना? मग चढ," चंदू वाकला. "चौक दवाखान्याच्या वाटेवरच आहे."

मित्रांनो, बरं वाटतंय म्हणून गोळी सोडू नका. आणि कपाटावर माझा कोणी भाऊबंद पडला असेल, तर त्याला अधूनमधून दंड दाखवा.

बाबुराव पाठीवर चढले, तशी सगळी गल्ली बाहेर आली. पोरं शिट्ट्या मारत मागं, तारा नवऱ्याच्या चपला हातात घेऊन पुढं, मी अंजनाबाईंच्या पिशवीत. चौक आला, गेला. चंदूचं तोंड टमाट्यासारखं लाल.

"अंजनाबाई," तो धापा टाकत म्हणाला, "याला उतरवला की माझं परत मोजा."