रेघेची चुकीची बाजू

पनवेलच्या एसटी स्टँडसमोर, पहिल्या मजल्यावर कुमार सरांचे कॉमर्सचे क्लासेस होते. तिथे बारावीला गणित शिकवणाऱ्या मुबीनाला केबिनमध्ये बोलावणं आलं, तेव्हा दाऊदभाईंचा आवाज पार जिन्यापर्यंत ऐकू येत होता.

"आलेखाचे सगळे मार्क गेले!" त्यांनी मुलीची उत्तरपत्रिका टेबलावर आपटली. शेजारी हुदा मान खाली घालून उभी.

"तो धडा मॅडमच घेतात," कुमार सर शांतपणे म्हणाले.

मुबीनाच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी तिने आधी आलेख पाहिला. असमानता होती x − y ≥ −2. रेघ अगदी बरोबर काढलेली. पण रंगवली होती रेघेची भलतीच बाजू.

"हुदा, शून्य-शून्य बिंदू घालून पाहिला नाहीस? डावीकडे शून्य येतं, ते उणे दोनपेक्षा मोठंच. म्हणजे तो बिंदू उत्तरात आहे, त्याचीच बाजू रंगवायची. शिकवलं होतं ना मी?"

"हो मॅडम. पण उजळणीला सर आले होते. म्हणाले, तपासत बसू नका. मोठ्याचं चिन्ह दिसलं की शून्यापासून लांबची बाजू रंगवा."

"बहुतेक गणितांत चालतं ते," सर म्हणाले. "वेळ वाचतो."

"आणि चाललं नाही की माझं नाव सांगायचं?"

"मॅडम, पालकांसमोर नको."

"माझ्यावर ढकललंत ते पालकांसमोरच ना?"

दाऊदभाई मुलीकडे वळले. "काल मी एवढं बोललो तुला. हे सांगितलं का नाहीस?"

"अब्बा, तुम्ही बोलू कुठे दिलंत?" हुदाचेही डोळे रागाने लाल झाले होते.

मुबीना तडक वर्गात गेली. फळ्यावर तीच असमानता लिहिताना खडू मोडला. "सरांची ती युक्ती वहीतून खोडा," ती म्हणाली. "आधी बिंदू घालून बघा, मगच पेन्सिल टेकवा."

सर दारात आले. "उद्यापासून ही बॅच दुसरं कुणी घेईल."

"उद्यापासून घेऊ दे. आत्ता माझा तास चालू आहे."

घंटा होईपर्यंत तिने प्रत्येकाकडून आलेख काढून घेतला.

खाली दाऊदभाई स्कूटरजवळ थांबले होते. "मॅडम, माफ करा. घरी येऊन शिकवाल हुदाला?"

"उद्या विचारा," मुबीना म्हणाली. "आज मी कुणाशीच नीट बोलणार नाही."

आणि समोरची रिक्षा थांबवून ती आत बसली.