बाबांच्या भाषणाची फाइल

सिंगापुरातल्या बिशानच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाबांच्या पुण्यानुमोदनाला तीस माणसं बसली होती. बुद्धवंदना आटोपली होती. आता बाबांचं नागपूरचं भाषण ऐकवायचं होतं आणि फाइल उघडत नव्हती.

ती ज्या प्लेयरवर चालायची, तो आता कोणी वापरत नाही. मी दुसरा एक फुकटचा उतरवला. गप्प. आणखी एक उतरवला, तोही गप्प.

"काल लावून बघायला काय झालं होतं?" राणी कानाशी पुटपुटली. बायकोचं बरोबर होतं, म्हणूनच मी खेकसलो, "वीस वर्षं जपलीय मी ही फाइल! पाच हार्ड डिस्क बदलल्या, प्रत्येकीवर कॉपी आहे."

चांगी बिझनेस पार्कात मी एका बँकेचे बॅकअप सांभाळतो. हाताखालच्या पोरांवर रोज ओरडतो, नुसती कॉपी करू नका, उघडून बघा.

तिसरा प्लेयर म्हणाला, फाइलमध्ये आवाजच नाही. मी साइज बघितली. एक केबीसुद्धा नव्हती. फाइल नोटपॅडमध्ये उघडली. आत एकच ओळ होती, भाषण ज्या वेबसाइटवर होतं तिथला पत्ता. भाषण मी कधी उतरवलंच नव्हतं. पत्ता टाकून बघितला. साइट केव्हाच बंद पडली होती.

"सापडलं का रे?" आईनं विचारलं.

मी उत्तर देण्याआधीच ती खुर्ची ओढून स्पीकरला खेटून बसली. कानातल्या मशीनचा आवाज तिनं वाढवला आणि हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.