बेरीज नऊ

हात लावू नका. लांबूनच ऐका. माझा खांदा फाटलाय आणि त्यातून पोलादी तारा बाहेर आल्यात. बोट फिरवाल तर रक्त निघेल. एकदा निघालंय, आणि ते बोटाचं नव्हतं.

मी टायर बोलतोय. पाटोद्यात रहमतुल्ला मिस्त्रींचं टायरचं दुकान आहे, त्याच्या दारातल्या खिळ्याला मी लटकतोय. माझ्या बगलेवर उठावदार अक्षरांत छापलंय: २२५/४५ आर १८.

माझा जन्म काही मायेनं झाला नाही. कच्च्या रबराच्या थरांत तारा कोंबल्या, वरून लोखंडी साच्याचा जबडा मिटला आणि वाफेनं मला भाजून काढलं. जबडा उघडला तेव्हा अंगावर नक्षी होती आणि हा आकडा होता. माणसाचं नशीब कपाळावर लिहिलेलं असतं म्हणे, आणि ते कुणाला वाचता येत नाही. माझं बगलेवर लिहिलेलं असतं आणि कुणालाही वाचता येतं. फक्त वाचावं. त्याची बेरीज करू नये.

बेरीज केली आप्पारावांनी.

आप्पाराव म्हणजे रस्त्यांच्या कामाचे गुत्तेदार. साठी ओलांडलेली, गळ्यात साखळी, बोलणं सगळं हुकमाचं. त्यांनी एक सेडान गाडी घेतली होती. चांगली धडधाकट, सोळा इंची चाकांची. पण त्यांना ती सापासारखी रस्त्याला चिकटलेली हवी होती. मग कुठूनतरी गाडीच्या चारही स्प्रिंगा ग्राइंडरनं कापून आणल्या. स्प्रिंग कापताना ठिणग्या उडतात, तेव्हा गाडीच ओरडते आहे असं वाटतं. तशी ती खाली बसवलेली गाडी आणि डिकीत अठरा इंची चार चकचकीत अलॉय रिंगा घेऊन आप्पाराव दुकानात आले. गाडी चालवत होता मुजाहिद, रहमतुल्ला मिस्त्रींचा मुलगा. आप्पारावांकडं तो ड्रायव्हर होता.

मी तेव्हा रॅकवर होतो. माझ्या शेजारी माझ्यासारखेच दिसणारे, पण अंगानं बुटके टायर होते: २२५/४० आर १८.

"हे बुटके लावा," तरन्नुम म्हणाली.

तरन्नुम ही मुजाहिदची धाकटी बहीण. बीडच्या पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली. टायरवर खुणा करायचा पिवळा मेणखडू तिच्या कानावर असायचा, सुताराच्या पेन्सिलीसारखा. तिनं तो काढला आणि शटरवर भराभरा आकडे मांडले.

"आप्पा, बघा. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमधी. दुसरा, त्या रुंदीच्या शेकडा किती बगल उंच हाय ते. तिसरा रिंगचा, इंचात. तुमचं जुनं चाक उंचीला सहाशे बत्तीस. चाळीसवाला टायर घातला तर सहाशे सदतीस. बसतंय. पंचेचाळीसवाला घातला तर सहाशे साठ. चाक वर चौदा मिलिमीटर चढलं. आणि स्प्रिंगा कापून तुमी मडगार्डाखाली जागा ठिवली दोन बोटं."

आप्पाराव आकड्यांकडं बघत होते खरे, पण त्यांचे ओठ वेगळंच पुटपुटत होते.

"दोन आन् दोन चार, पाच नऊ, चार तेरा, पाच अठरा, एक एकोणीस, आठ सत्तावीस. सात आन् दोन नऊ!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "गाडीच्या नंबराची बेरीज नऊ, माझ्या जल्माची नऊ. हेच टायर घाला."

"आन् त्या दुसऱ्याची?" रहमतुल्ला मिस्त्रींनी विचारलं.

"बावीस. म्हंजे चार." आप्पाराव हसले. "चार लागत्यात ते खांदा द्यायला. जिवंत माणसाच्या गाडीला लावता व्हय?"

"आप्पा, टायर पत्रिका बघून घालत न्हाईत," तरन्नुम म्हणाली. "वळणावर घासेल. घासून घासून फुटेल. आन् स्टेरिंगवर तुमी न्हाई, माझा भाऊ हाय."

दुकानात एकदम शांतता झाली. मोठ्या माणसाला खोटं ठरवलं की आपल्याकडं अशीच शांतता होते. मग सगळे त्या माणसाकडं न बघता खरं बोलणाऱ्याकडं बघतात.

"मिस्त्री," आप्पाराव म्हणाले, "दुकान कोन चालवतंय? तुमी का ही?"

रहमतुल्ला मिस्त्रींनी चाळीस वर्षं टायर बदलले होते. हाताच्या टिचकीनं ते हवा सांगायचे. मला खात्री आहे, मुलगी बरोबर बोलते आहे हे त्यांना कळत होतं. तरी ते म्हणाले, "तरन्नुम, गप बस. मोठ्यांच्या म्होरं बोलायचं न्हाई."

"मोठ्यांच्या म्होरं न्हाई बोलायचं, मग काय जनाज्यात बोलू, अब्बा?"

चपराक बसली. मला मानवी चपराक पहिल्यांदाच ऐकू आली. जुनी ट्यूब फुटते तसा आवाज असतो तिचा. मुजाहिद मध्ये पडला, "जाऊ दे गं तन्नू, मी हळू चालवीन." बिचाऱ्याला वाटलं, हळू चालवणं हा मापावरचा उपाय आहे.

मला रिंगवर चढवायचं काम तिच्याकडंच आलं. गालावर चार बोटं उमटलेली. टॉमीची, म्हणजे टायर उचकटायच्या पहारीची, लोखंडी पात घालून तिनं माझी कड रिंगमध्ये अशी रेटली, की मला वाटलं इथंच फाटणार. दुसरी कड बसवण्याआधी ती थांबली. हात माझ्या पोटात घातला आणि आतल्या बाजूला पिवळ्या खडूनं काहीतरी लिहिलं. एक शब्द, खाली तारीख, खाली तिची सही. मग कड आत ढकलली, हवा भरली, आणि तो शब्द अंधारात बंद झाला.

मी बसलो ड्रायव्हरच्या बाजूला, पुढं.

पहिल्याच दिवशी घासलो. खड्ड्यात गाडी दबली की मडगार्डाची आतली कड माझ्या खांद्यावर यायची. खर्रर्र. जळक्या रबराचा वास आत जायचा. चौथ्या दिवशी आप्पाराव दुकानासमोर गाडी थांबवून ओरडले, "मिस्त्री, आवाज येतोय!"

"टायर बदला," तरन्नुम आतून म्हणाली.

"टायर न्हाई बदलायचा. मडगार्ड कापा!"

आणि मिस्त्रींनी ते कापलं. ग्राइंडर लावून पत्र्याची कड उडवली, राहिलेली हातोडीनं ठोकून वर वळवली. प्रत्येक घाव गाडीच्या हाडापर्यंत जात होता. मागच्या बाजूला एक टोक राहून गेलं. कापलेला पत्रा, वस्तऱ्यासारखा. त्यावर काळा रंग मारला, की दिसू नये.

घासण्याचा आवाज थांबला. सगळ्यांना वाटलं, प्रश्न मिटला. आवाज बंद झाला की मोठ्यांना प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. मी मात्र रोज त्या वस्तऱ्याखाली फिरत होतो. भरल्या गाडीनं डावं वळण घेतलं की तो माझ्या खांद्यात थोडा थोडा उतरायचा. दीड महिना मी असा कापला जात होतो आणि मला तोंड नव्हतं.

नारायणगडाच्या यात्रेहून परतत होतो. दुपारचं ऊन, रस्ता तापलेला, मी तापलेलो. गाडीत पाच जण, आप्पाराव पुढं मुजाहिदच्या शेजारी. घाटाचा उतार.

"हान की बे, बैलगाडी चालवतो का?" आप्पाराव म्हणाले.

"आप्पा, वळण हाय."

"वळनाला भितो व्हय? हान!"

मुजाहिदनं पाय दिला. पुढं डावं वळण आलं, त्यानं ब्रेक दाबला, आणि गाडीचं सगळं वजन माझ्यावर कोसळलं. वस्तरा आत घुसला. तारांपर्यंत. तारांच्या पार.

मी फुटलो.

त्या आवाजानं माळावरची मेंढरं उधळली. गाडी उजवीकडं ओढली गेली, रिंग डांबर खरवडत गेली, आणि ड्रायव्हरची बाजू दगडी कठड्यावर आदळली. पत्रा आत आला. इंजिन आत आलं. मुजाहिदचा उजवा पाय त्यात होता. तो ओरडला नाही. एकदा फक्त "अम्मी" म्हणाला. रक्त खालून आलं, माझ्या फाटलेल्या अंगावरून वाहिलं आणि तापलेल्या रिंगवर चरचरलं.

मेंढरं सोडून म्हाळू नावाचा धनगर धावत आला. मागून एक ट्रकवाला. पहारीनं दार उचकटलं. म्हाळूनं खांद्यावरची घोंगडी रस्त्यावर पसरली, मुजाहिदला तिच्यावर घेतलं.

"चार कोपरे धरा रं! चौघं या!"

म्हाळू एक, ट्रकवाला दोन, मागच्या सीटवरला एक जण तीन. बाकीचे दोघं डोकं धरून बसलेले. आप्पाराव उभे होते, कपाळाला खरचटलेलं एवढंच.

"ओ पाव्हणं!" म्हाळू खेकसला. "बघता काय? धरा की चवथा कोपरा!"

आप्पारावांनी चौथा कोपरा धरला. मी खालून बघत होतो. त्यांचे ओठ हलत होते, पण या वेळी बेरीज जमत नसावी.

अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी मुजाहिदचा जीव वाचवला. पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

पुढचं ऐका, म्हणजे माणूस काय चीज आहे ते कळेल. पंचनामा झाला, क्रेननं गाडी दुकानासमोर आणून टाकली, आणि बाराव्या दिवशी आप्पाराव आठ-दहा माणसं घेऊन आले. हातात लोखंडी गज. रस्त्यावर गर्दी जमली.

"खोटा टायर इकला ह्या म्हाताऱ्यानं!" आप्पाराव गरजले. "पाच माणसं मेली असती! पोटच्या पोराचा पाय खाल्ला ह्यानं!"

पहिला गज दुकानाच्या काचेवर पडला. दुसरा हवेच्या कॉम्प्रेसरवर. आप्पारावांनी रहमतुल्ला मिस्त्रींची कॉलर धरून त्यांना भिंतीवर आपटलं. मिस्त्रींच्या ओठातून रक्त आलं.

तरन्नुम बाहेर आली. तिच्या हातात टॉमी होती. माणसं मागं सरली, त्यांना वाटलं ती मारणार. तिनं टॉमी माझ्यात घातली. माझी कड रिंगपासून ओरबाडली, गुडघा माझ्या छातीवर रोवला आणि मला सोलून काढलं. तसं मला कुणीच कधी फाडलं नव्हतं, त्या वस्तऱ्यानंसुद्धा नाही. मग तिनं मला गर्दीसमोर उलटं पसरलं आणि पोटातली काळी भुकटी ओढणीनं पुसली.

पिवळी अक्षरं बाहेर आली.

"वाचा, आप्पा," ती म्हणाली. "मोठ्यांनीच वाचावं. मोठ्यानं."

आप्पारावांनी नजर दुसरीकडं वळवली.

गर्दीतून एक म्हातारी पुढं आली, भाजी विकणारी भिवराबाई. तिला वाचता येत नव्हतं. "काय लिवलंय रं?" तिनं विचारलं. कुणीतरी सांगितलं, "घासेल. लिवलंय, घासेल. आन् दोन महिन्यांमागची तारीख हाय."

आप्पारावांनी गज उचलला. तरन्नुमवर. तो उतरण्याआधी रहमतुल्ला मिस्त्रींनी मध्येच धरला, उघड्या पंज्यात. बोट मोडल्याचा आवाज मी ऐकला. तरी त्यांनी सोडला नाही.

"ती म्हनली व्हती," मिस्त्री म्हणाले. "तुमच्या तोंडावर म्हनली व्हती. आन् मीच तिच्या तोंडात मारली." मग गर्दीकडं वळून पुन्हा, मोठ्यानं, "मी मारली."

आप्पारावांनी माफी मागितली नाही. अशी माणसं मागत नाहीत. गर्दीनं वाट दिली नाही तेव्हा मात्र त्यांना लोकांच्या कोपरांतून, शिव्यांतून, अंग चोरून जावं लागलं. खटला चालू आहे. त्यांनी नवी गाडी घेतली म्हणे. नंबराची बेरीज मला ठाऊक नाही.

मी आता इथं आहे, उलटा करून टांगलेला. पोट बाहेर, जखम बाहेर. मुजाहिद खालच्या स्टुलावर बसून ट्यूबला ठिगळं लावतो. कधी कधी डोक्यानं मला टेकतो. मीच त्याचा पाय नेला, हे त्याला ठाऊक आहे आणि मी एकटा नव्हतो, हेही.

परवा कुणीतरी आलं आणि म्हणालं, "मिस्त्री, बेरीज सात येईल असा टायर बघा." रहमतुल्ला मिस्त्रींनी वाकड्या बोटाच्या हातानं त्याचा हात धरला आणि माझ्या फाटलेल्या खांद्यावर ठेवला. गिऱ्हाईकानं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. मग मिस्त्रींनी आत हाक मारली, "तरन्नुम, माप सांग."

तिनं माप सांगितलं. तिनं बापाला माफ केलंय का, ते मला माहीत नाही. विचारू नका, ती टॉमी उचलेल.

माझं तुम्हाला एवढंच मागणं आहे. माझ्या जातभाईंच्या बगलेवरचा आकडा वाचा, आणि ज्याला तो वाचता येतो त्याला बोलू द्या, मग ती पोर का असेना. नाहीतर घोंगडीचा चौथा कोपरा तुमच्याच हातात येईल.

आणि तरन्नुमची एक चूक होती, हे ती स्वतःच कबूल करते. तिनं खरं ते आत लिहिलं. आता ती बाहेर लिहिते. टायरच्या बगलेवर, वीतभर अक्षरांत, गिऱ्हाईक समोर उभं असताना. आणि खडू तिच्या हातात तिचा बाप देतो.