भिमाबाईंच्या खाटेपुढचा पडदा

मित्रांनो, औषधांच्या खोलीत भिंतीला टेकून उभा असलेला जुना हिरवा पडदा मीच. लोखंडी चौकट, खाली चाकं, त्यातलं एक कायमचं रुसलेलं. साखर कारखान्याच्या सभासदांनी पाटोद्याजवळ सहकारी दवाखाना काढला, तेव्हा मला बीडहून आणलं. जो तो माझ्या कापडाचं कौतुक करायचा आणि मी फुगून जायचो.

खरं काम नंतर कळलं. ज्याचं काही खरं नाही, त्याच्या खाटेपुढे मला लावायचं. माझं चाक कुरकुरलं की सगळा वॉर्ड तोंड फिरवायचा. मला फार अपराधी वाटायचं.

शहाऐंशीच्या दुष्काळात मला आश्रुबा नावाच्या रोग्यापुढे लावलं. दुपारी टँकर आला. त्यांचा मुलगा आणि रोग्यांचे सोबती घागरी घेऊन पळाले. सिस्टर एका बाईच्या बाळंतपणात अडकल्या होत्या. आश्रुबा पाणी मागत होते, पण माझ्याआड ते कुणाला दिसलेच नाहीत. माझं कापड मुठीत धरूनच ते गेले.

महादेवी सिस्टरनी ती मूठ सोडवली. त्या त्रिंबकराव डॉक्टरांना म्हणाल्या, "साहेब, ह्यो पडदा आपण कुणासाठी लावतो? मरणाऱ्यासाठी तर न्हाई."

"बाकीचे पेशंट घाबरतात, सिस्टर."

"आन् आपण?"

"मलाही बघवत नाही," डॉक्टर म्हणाले. "बरं करायला शिकलो. बरा न होणाऱ्यापाशी बसायला कुणी शिकवलंच नाही."

तरी रीत काही मोडली नाही.

काही दिवसांनी मला लिंबागणेशच्या भिमाबाईंपुढे ढकलत नेलं. त्यांचा आवाज खोल गेला होता, पण ठसका तोच. "मेल्यावर झाकाच की मला. आत्ताच का म्हून झाकताव?"

डॉक्टरांनी स्वतः मला बाजूला सारलं आणि स्टूल ओढून बसले. बाहेर टँकरचा भोंगा वाजला. सून घागर उचलून घुटमळली.

"जा बाई, आमी हाव की," सिस्टर म्हणाल्या. शेजारच्या खाटेवरची पारूबाई ओल्या कापसानं भिमाबाईंचे ओठ भिजवत राहिली. सून परतली तेव्हा भिमाबाई जाग्या होत्या. तिच्या हातचं घोटभर पाणी प्यायल्या, "लई गोड हाय" म्हणाल्या आणि संध्याकाळी गेल्या. त्यानंतर सिस्टरनी मला आणलं.

मित्रांनो, आता मी विरलोय. मला ठिगळ लावा, चाकाला तेल द्या, नाही दिलंत तरी चालेल. पण कुणापुढे लावण्याआधी त्याला विचारा. आश्रुबांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी माझं कापड धरलं ते मला बाजूला सारायलाच, असं मला अजून वाटतं.